सत्ताविसावे प्रकरण

जालन्याच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी एकतीस वर्षे पुस्तके सांभाळली आणि त्यानंतरची नऊ वर्षे ती कापली. दोन्ही कामे सारख्याच शिस्तीने केली. पहिल्याबद्दल मला निरोपसमारंभात शाल मिळाली. दुसऱ्यात एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटरने मला खोटारडा ठरवले. त्याचे म्हणणे बरोबर होते. माझ्या शिस्तीविषयी पुष्कळांनी पुष्कळ सांगितले आहे; हा प्रसंग मात्र मीच सांगायला हवा, कारण दुसऱ्या कोणाला तो सांगण्याचा धीर होणार नाही.

निवृत्तीनंतर महिनाभराने अध्यक्षांनी बोलावले. जिन्याखाली मोडक्या खुर्च्या ठेवण्याची एक खोली होती. तिथे एक संगणक, एक स्कॅनर आणि 'दृष्टिबाधित वाचक कक्ष' अशी पाटी आली होती. माणूस तेवढा यायचा होता. "तुम्हाला घरी करमत नसेल," अध्यक्ष म्हणाले. मला घरी उत्तम करमत होते. घरच्यांना करमत नव्हते. मी मानद प्रमुख झालो. हाताखाली कोणी नव्हते, त्यामुळे शिस्तीचा प्रश्न प्रथमच उद्भवला नाही.

बाहेरच्या माणसाचा समज असा, की पुस्तक संगणकावर किंवा मोबाइलवर आले म्हणजे अंध माणसाची सोय झाली. फोन बोलतो, तो वाचून दाखवील. माझाही समज तोच होता. दामूअण्णांनी तो पहिल्याच दिवशी मोडला.

दामूअण्णा अंकुशनगरला साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होते. सव्विसाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली, त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्यांनी अवघ्या पंचक्रोशीचे बोलणे एकमेकांना जोडून दिले. ते एसटीने एकटे आले, पांढऱ्या काठीने माझे टेबल शोधले आणि खिशातला फोन माझ्यापुढे ठेवला.

"ऐका, साहेब."

फोन बोलू लागला. "बटण. बटण. चित्र. बटण. चित्र. बटण."

"हे काय आहे?"

"कादंबरी हाय. विकत घेतली. मी बटणं घ्यायला गेल्तो का? शर्ट शिवायचाय का मला?"

फोनचे चुकले नव्हते. प्रकाशकाने पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे काढून तीच विकायला ठेवली होती. डोळस माणसाला ते पान दिसते. यंत्राला ते नुसते चित्र. बटणे बनवणाऱ्याने त्यांना नावे दिली नव्हती, म्हणून प्रत्येक बटण हे केवळ बटण होते. काही प्रकाशक जुन्या पद्धतीने टंकलेला मजकूर देतात. तो डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतो, पण आत वेगळीच अक्षरे असतात. यंत्र ती वाचते तेव्हा भुते भांडत असल्यासारखे वाटते. म्हणून पुस्तक मुळापासून नव्याने तयार करावे लागते. कायद्याने तशी मुभा आहे. अट एवढीच, की ती प्रत अशाच वाचकांना द्यायची.

त्या दिवसापासून अण्णा कक्षाचे वाचक झाले, पण मनातले पुस्तक त्यांनी आठव्या वर्षी, माझ्यावर भरवसा बसल्यावर मागितले. "कोणते?" मी विचारले.

अण्णांनी एका ऐतिहासिक म्हणवणाऱ्या कादंबरीचे नाव सांगितले. ते मी इथे देत नाही. वाङ्मयात तिला नाव नाही, माझ्यामुळे ते मिळू नये. तीन भाग. पहिले दोन भाग अण्णांनी डोळे शाबूत असताना वाचले होते. दुसऱ्या भागाच्या शेवटी नायक रणधीर कड्याला दोरीने लोंबकळतो आणि वर उभा असलेला दुर्जनसिंह त्या दोरीवर तलवार उगारतो. तिथे भाग संपला आणि तिसरा हाती येण्यापूर्वी अण्णांचे डोळे गेले.

"चाळीस वर्षं झाली, साहेब. रणधीर लोंबकळून राह्यला. माझे हात दुखून राह्यले. त्याचं पुढं काय झालं तेवढं मला पाहिजे. जे तिथं छापलंय ते. बाकी काही न्हाई."

तिसरा भाग आमच्याकडे होता. पहिले दोन भाग वाचकांनी परत केले नव्हते. मी कपाटाकडे न पाहता म्हणालो, "पुस्तक आहे. पूर्ण आहे. तयार करून देतो." माझ्या ग्रंथालयातले पुस्तक अपूर्ण असेल, ही शक्यताच माझ्या मनात आली नाही.

काम असे चालते. पुस्तक बाइंडरकडे न्यायचे आणि त्याच्या कटिंग मशीनवर शिवणीची बाजू, म्हणजे कणा, कापून काढायचा. सुट्या पानांचा गठ्ठा स्कॅनरच्या तोंडात दिला की संगणक अक्षरे ओळखतो. म्हणजे ओळखल्यासारखे करतो. मग माणसाने बसून ओळ न् ओळ मूळ पानाशी ताडायची. प्रकरणांना खुणा घालायच्या, म्हणजे वाचकाला बोटाच्या एका फटकाऱ्याने या प्रकरणावरून त्या प्रकरणावर जाता येते. चित्र असेल तिथे त्याचे वर्णन लिहायचे. पान फाटलेले असेल तर 'पृष्ठ उपलब्ध नाही' अशी नोंद करायची. स्वतःचे एक अक्षरही मजकुरात घालायचे नाही. हा नियम मी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून संगणकामागच्या भिंतीवर लावला होता. त्याच्या वर दुसरा होता : आधी पाने मोजा, मग कापा. कापलेले पुस्तक पुन्हा शिवता येत नाही.

अडचण अशी, की धडधाकट पुस्तक कापण्यास ग्रंथालयाचे नियम परवानगी देत नाहीत. खराब झालेले पुस्तक तेवढे यादीतून बाद करता येते. मी आयुष्यात कोणाला पुस्तकावर चहाचा डाग पाडू दिला नाही. तरीही त्या नऊ वर्षांत 'वाळवीने बाधित' हे दोन शब्द माझ्या वळणदार अक्षरात इतक्या वेळा लिहिले गेले, की वाचणाऱ्याला वाटावे, इमारत उभीच कशी आहे. नवे ग्रंथपाल माझ्या हाताखाली तयार झालेले होते. ते न वाचता सही करीत.

एके वर्षी तपासणीस आलेल्या साहेबांनी मात्र यादी वाचली.

"तुमची वाळवी सुशिक्षित दिसते," ते म्हणाले. "भिकार पुस्तकाला तोंडच लावत नाही."

"ग्रंथालयातली आहे," मी म्हणालो.

"दाखवता का?"

"औषध मारले. मेली."

"कुठे आहे?"

"झाडून टाकली."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मी नोकरीभर जी मुद्रा धारण केली, ती तेव्हा कामी आली. त्यांनी सही केली. जाताना दारात थांबून विचारले, "सासऱ्यांना आता दिसत नाही. इतिहासाची फार आवड आहे. या तुमच्या वाळवीचा त्यांना काही उपयोग होईल का?" दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचे नाव वाचकांच्या वहीत चढले.

चित्रांचे वर्णन करायला मला भोकरदनच्या नसीम मॅडमनी शिकवले. त्या जन्मांध असून एका शाळेत इतिहास शिकवतात. त्यांच्यासाठी मी एक सचित्र पुस्तक तयार केले. एका दरबाराच्या चित्राखाली मी लिहिले : 'चित्र : दरबार.' तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"सर, दरबारात कोण हाय?"

"राजा."

"और?"

"इतर."

"इतर म्हंजे किती, सर? वर्गातली पोरं विचारून राह्यली, बाई, कोपऱ्यातला माणूस हसतो का? मला तर ठाऊकच न्हाई की कोपऱ्यात कोणी हाय. तुम्ही त्या गरिबाला इतरमधे टाकून दिलं."

मी चित्र पुन्हा पाहिले. कोपऱ्यात एक माणूस खरोखरच हसत होता. मी ते पुस्तक अनेकदा हाताळले होते. तो मला दिसला नव्हता. माझा स्वाभिमान दुखावला. मी त्या एका चित्राचे दोन पाने वर्णन केले. डावीकडून तिसऱ्या सरदाराची उजवी मिशी डावीपेक्षा आखूड आहे, इथपर्यंत गेलो. पुन्हा फोन आला.

"माशाल्ला, सर. आता जरा बस करा. मिशीतच तास संपला."

अण्णांच्या कादंबरीवर आता येतो. ती राखीव कपाटात होती आणि राखीव पुस्तक बाद करता येत नाही, वाळवीने खाल्ले तरी. मी तिला आधी राखीव कपाटातून साध्या कपाटात आणले, तीन महिने तिथे राहू दिले आणि मग वाळवी लावली. अण्णांचे फोन दर आठवड्याला येत होते. नमस्कार नाही, चौकशी नाही. "लोंबकळूनच हाय का?" एवढे विचारून ते फोन ठेवीत.

त्यामुळे असेल, मी घाई केली. जुन्या जालन्यातले बाइंडर रफिकभाई माझी पुस्तके कापून देतात. दर वेळी त्यांची तक्रार तीच. "साहेब, वालिदांनी मला शिवायला शिकवलं, तुम्ही कापायला लावून राह्यले." आणि दर वेळी पाते खाली आणण्यापूर्वी एकच प्रश्न.

"पानं मोजली ना?"

"मोजली," मी म्हणालो.

मोजली नव्हती. एकतीस वर्षे मी ज्या चुकीबद्दल लोकांना टेबलासमोर उभे करून सुनावले, ती मी अर्ध्या सेकंदात केली. पाते खाली आले.

पुढचे काम महिनाभर चालले. अण्णांच्या हातांना पहिल्याच पानावर आराम मिळाला असता. दोरी तुटते, पण खाली तळे असते. कादंबरीत नऊ चित्रे होती, त्यांपैकी आठांत नायिका हंसावती. नसीम मॅडमच्या शिकवणीमुळे 'चित्र : एक स्त्री' असे लिहून सुटण्याची सोय राहिली नव्हती. पदर वाऱ्याने कुठून कुठे गेला आहे, हे मला तपशीलवार लिहावे लागले. वय सदुसष्ट. मी कक्षाचे दार लावून लिहिले.

सव्वीस प्रकरणे पूर्ण झाली. सत्ताविसावे पानाच्या तळाशी सुरू झाले. कैदेतली हंसावती विषाची अंगठी ओठांजवळ नेते, दारावर धडका बसू लागतात आणि गठ्ठा संपतो. मी गठ्ठा उलटून पाहिला. टेबलाखाली पाहिले. रफिकभाईंकडे जाऊन कात्रणांचे पोते उपसले. मग कणा तपासला. शेवटची चार पाने, म्हणजे आठ पृष्ठे, फार पूर्वी कोणीतरी सफाईने फाडली होती. कापलेल्या कण्यात त्यांची जुनी, पिवळी मुळे दिसत होती.

नियम भिंतीवर होता. 'पृष्ठे उपलब्ध नाहीत' अशी एक ओळ लिहायची होती. ती लिहिली असती तर अण्णांनी विचारले असते, पूर्ण आहे म्हणाला होता ना? रफिकभाईंनी विचारले असते, मोजली म्हणाला होता ना? दोघेही मला साहेब म्हणत. मी खुर्चीत बसलो आणि सत्ताविसावे प्रकरण लिहून काढले. यंत्राच्या आवाजात सगळे सारखेच ऐकू येईल, असा माझा हिशेब होता.

मी लिहिले ते असे : 'तपासाअंती अंगठीत विष नसल्याचे आढळून आले. सदर बाब वेळीच निदर्शनास आल्यामुळे पुढील अनर्थ टळला. दुर्जनसिंहास ताब्यात घेऊन योग्य त्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन करण्यात आले. रणधीर व हंसावती यांचा विवाह साध्या पद्धतीने पार पडला. समाप्त.' हे एकूण पाच वाक्यांत बसले. ओघ साधला असे मला वाटले.

फाईल सोमवारी पाठवली. मराठीतली एवढी जाड कादंबरी संपवायला मला आठ दिवस लागतात. अण्णांना दीड दिवस लागला. ही माणसे यंत्राचा वेग इतका वाढवून ऐकतात, की आपल्याला फक्त कढईत मोहरी तडतडल्यासारखे वाटते. बुधवारी दुपारी अण्णा स्वतःच कक्षात हजर झाले. बसले नाहीत.

"साहेब, एक विचारू? सव्वीस प्रकरणं हायेत. एकेक प्रकरण वीस-वीस मिनिटांचं. सत्ताविसावं अर्ध्या मिनिटाचं कसं?"

"लेखक थकला असेल."

"सव्वीस प्रकरणं त्या दुर्जनसिंगानं कोणाला जगू दिलं न्हाई. आन् सत्ताविसाव्यात तो मुकाट चालत जाऊन अधिकाऱ्याच्या स्वाधीन झाला?"

मी स्कॅनरवरची धूळ पुसू लागलो.

"लग्न साध्या पद्धतीनं झालं म्हणता. राजकन्येचं. हत्ती न्हाई, घोडा न्हाई, जेवण न्हाई. साहेब, मी चाळीस वर्षं आवाजावर माणूस ओळखून राह्यलो. बोर्डावर नुसत्या हॅलोवर सांगायचो कोण हाय. या पाच ओळींत तुम्ही बसलेले हाव."

"चार पाने फाटलेली होती," मी म्हणालो.

"मंग तसं लिव्हायचं."

"हो."

अण्णांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते.

"बोर्डावर लागलो त्या साली मी आल्तो तुमच्याकडं. तुम्हाला याद नसंल. हाच तिसरा भाग मागितला आन् विचारलं, कोणी वाचून दाखवंल का? तुम्ही काय म्हणले? 'ग्रंथालयात मोठ्याने वाचण्यास मनाई आहे.' मी परत गेलो. राग आल्ता. पण ते खरं तरी होतं, साहेब. नियम होता, तुम्ही सांगितला. हे तर तुम्ही आंधळ्याच्या ताटात दगड वाढून वरून भात म्हणून राह्यले. आम्हाला काय कळतंय कोणतं पान खरं हाय? तुम्ही द्याल ते आम्ही घ्यायचं. त्यात तुम्हीच असं केलं, मंग याच्या आधी दिलेली पुस्तकं तरी खरी कशावरून?"

तोपर्यंत मी काहीशे पुस्तके दिली होती. त्या सगळ्यांवर माझी सही होती आणि तिची किंमत आता त्या पाच वाक्यांएवढी झाली होती. अण्णा गेले. मला ग्रंथालयातून हाकलले जावे, यासाठी त्यांनी काही केले नाही. फोन मात्र बंद झाले.

मी फाईल परत मागवली, माझी वाक्ये काढली आणि भिंतीवरच्या नियमाप्रमाणे नोंद केली. त्याने अण्णांचे काम झाले नव्हते. त्यांना तिथे छापलेले होते ते हवे होते. मराठवाड्यातल्या सोळा ग्रंथालयांना पत्रे लिहिली. नऊ उत्तरे आली. एकाने कळवले, की सदर पुस्तक वाळवीने खाल्ले. हे मी नेमके किती खरे मानावे, ते मला कळेना.

शेवटी नसीम मॅडमना फोन करून सगळे सांगितले. काहीही न लपवता सांगितले. त्या हसतील असे वाटले होते, त्या हसल्या नाहीत.

"सर, हे तर बुरं केलं तुम्ही."

"केले."

"थांबा. मी आपल्या लोकांत टाकते."

जिल्ह्यातल्या अंध वाचकांचा मोबाइलवर एक गट आहे. तिथे कोणी लिहीत नाही, सगळे बोलून ठेवतात. नसीम मॅडमनी निरोप बोलून ठेवला आणि तो सकाळच्या दुधासारखा घरोघर गेला. दोन दिवसांत केदारखेड्याच्या एका अंध तबलजींचा निरोप आला. लहानपणी गावातल्या एका ओसरीवर घरधनी कादंबऱ्या मोठ्याने वाचत, अर्धे गाव ऐकायला बसे. घरधनी गेले; सुभद्राकाकू आहेत; पुस्तके काकूंच्या लोखंडी पेटीत आहेत.

भोकरदनच्या गाडीने केदारखेड्याला उतरलो. सुभद्राकाकू ओसरीवर सुपात मूग निवडत होत्या. मी नाव, हुद्दा आणि कामाचे स्वरूप सांगितले.

"तेच का तुम्ही, पुस्तकं कापणारे?" काकूंनी विचारले. कीर्ती माझ्या आधीच्या गाडीने आली होती. "माझ्या पुस्तकाला सुरी लागणार न्हाई. घराबाहेर जाणार न्हाई. फोटू काढायचे तर काढा, तेबी माझ्या डोळ्यांसमोर."

मी मान्य केले. काकूंनी पेटी उघडली, तिसरा भाग कापडातून सोडवला आणि माझ्या हातात दिला. मी प्रथम पाने मोजली. सगळी होती. शेवटच्या आठ पृष्ठांचे फोटो काढले आणि अण्णांना फोन लावला. त्यांनी उचलला.

"अण्णा, पाने मिळाली. केदारखेड्याला आहे. उद्या फाईल पाठवतो."



"उद्या कशाला? पुस्तक हातात हाय ना? वाचा."

"इथे?"

"तिथं काय मनाई हाय का?"

मनाई नव्हती. काकूंनी मुगाचे सूप बाजूला सारले, फोनचा आवाज मोठा करायला लावला आणि तो पालथ्या घमेल्यावर ठेवला. शेजारच्या दोघी कठड्याशी येऊन टेकल्या. मी चष्मा पुसला आणि वाचू लागलो. शाळा सुटल्यापासून मी कोणासमोर मोठ्याने वाचले नव्हते.

'धडाड् असा आवाज होऊन दार कोसळले. रणधीराने तलवार उपसली...'

"साहेब," घमेल्यावरून आवाज आला, "त्यानं तलवार काढली ना? मंग हे काय वाचून राह्यले? सातबारा हाय का?"

शेजारणी पदरात हसल्या. मी आवाज किंचित चढवला. रणधीराने तलवार पुन्हा उपसली. अंगठी हंसावतीच्या हातून गळून पडली. दुर्जनसिंह जखमी होऊन भिंतीला टेकला, पण हसतच राहिला. माझे वाचन सहाव्या पृष्ठापर्यंत सुधारले असावे, कारण कोणी बोलेनासे झाले. सातव्या पृष्ठावर भुयारातून एक बुरखाधारी पुरुष येतो. ज्याच्या हुकमावरून तिन्ही भागांतली सर्व कारस्थाने झाली, तो हाच. हंसावती धावत जाते आणि त्याचा बुरखा ओढते.

'तो चेहरा दृष्टीस पडताच हंसावती किंचाळली, "तुम्ही!"'

"किंचाळली लिव्हलंय ना?" काकू म्हणाल्या. "मंग किंचाळा की जरा."

मी किंचाळलो. रस्त्याने जाणारा एक बैल थांबला.

"पुढं?" अण्णांनी विचारले.

पुढे काही नव्हते. 'तुम्ही!' या शब्दाखाली एक आडवी रेघ होती आणि रेघेखाली बारीक टायपात एक ओळ. मी ती वाचली. "'चौथा भाग लवकरच.'"

"चौथा हाय?"

"नाही. तो निघालाच नाही. निघाला असता तर माझ्या वहीत नोंद असती. लेखकही आता नाहीत."

"मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं," काकू म्हणाल्या. "आमचे हे दर दिवाळीला त्या लेखकाला पत्र धाडत होते, बुरख्यात कोण हाय म्हणून. एक उत्तर आलं न्हाई. जातानाबी त्यांना तेच लागून राह्यलं होतं."

चाळीस वर्षांची वाट आणि हाती एक रेघ. माझी पाच वाक्ये तरी शेवटाची होती, असा एक नीच विचार मनात येऊन गेला.

मग अण्णा हसले. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत.

"म्हंजे डोळेवाल्यांनाबी ठाऊक न्हाई?"

"कोणालाच नाही."

"चाळीस वर्षं मी समजून राह्यलो, साऱ्या दुनियेला ठाऊक हाय, एक मला सोडून. बसमधी कोणी पुस्तकाचं पान उलटलं की वाटायचं, याला ठाऊक हाय. आन् कोणालाच न्हाई!" त्यांनी श्वास घेतला. "बराबर झालं, साहेब. जेवढं त्यांना, तेवढंच मला. मंग हेच टाका फाईलीत. रेघेसकट टाका."

"टाकतो."

"आन् काकू, तुमचे मालक काय म्हणत होते? बुरख्यात कोण?"

"ते म्हणायचे हंसावतीचा बाप."

"बिलकुल न्हाई. बापाला पहिल्या भागात वाघानं खाल्ला."

"धड कुठं सापडलं होतं?"

"पगडी सापडली होती की!"

"पगडी काय, कोणाचीबी असंल!"

एक बाई केदारखेड्याच्या ओसरीवर, एक माणूस अंकुशनगरच्या घरी, दोघे एकमेकांना आयुष्यात प्रथमच भेटत होते आणि सख्ख्या भावंडांसारखे भांडत होते. जालन्याची एक गाडी येऊन गेली. मी मधे पुस्तक धरून बसलो होतो. नोकरीत मी कोणाला पुस्तकाविषयी मत दिले नव्हते. ग्रंथपालाने ते देऊ नये. त्या दुपारी मात्र मला राहवले नाही.

"माझ्या मते तो दिवाण असावा," मी म्हणालो.

दोघेही एकदम थांबले.

"साहेब," अण्णा सावकाश म्हणाले, "दिवाण दुसऱ्या भागात मेला. चितेला अग्नी रणधीरानं दिला. तुम्ही पुस्तक वाचलं तरी का?"

पहिले दोन भाग मी कधीच वाचलेले नव्हते. तसे कबूल केले.

काकूंनी माझ्याकडे पाहिले, फोनकडे पाहिले आणि मुगाचे सूप पुन्हा मांडीवर घेतले. फोनमधून फक्त एक सुस्कारा ऐकू आला. माझ्याविषयी कोणाला इतकी दया वाटल्याचे मला आठवत नाही.